गिरमिटिया, कुली आणि ‘प्रवासी’

परदेशी राहणाऱ्या भारतीयाला आज सरकारदरबारी ‘प्रवासी भारतीय’ म्हणतात. २००३ पासून ९ जानेवारी हा त्यांचा दिवस मानला गेला, कारण १९१५ साली त्या तारखेला गांधी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईत उतरले. शब्द मोठा सोज्वळ आहे. मराठीत प्रवासी म्हणजे एस.टी.त बसलेला, आपल्या थांब्यावर उतरणारा माणूस. पण ज्या आफ्रिकेतून गांधी परतले, तिथे आपल्या माणसांना काय म्हणत, हे मी वर्गात विचारतो तेव्हा बहुधा कोणाला सांगता येत नाही.

१८६० ते १९११ या काळात तिथल्या नाताळ वसाहतीत दीड लाखाच्या वर मजूर नेले गेले, मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. जहाजांच्या याद्यांत जातीचा रकाना आहे. त्यात ‘परिया’, ‘चमार’ ही नावे पुन्हा पुन्हा येतात. पाच वर्षांच्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि त्यात अडकलेला तो ‘गिरमिटिया’. हा शब्द त्यांच्या तोंडचा. गोऱ्यांचा शब्द ‘कुली’, आणि तो मजुरापुरता राहिला नाही. व्यापारी असो, वकील असो, हिंदी माणूस दिसला की कुली. आपल्याला ‘कुली बॅरिस्टर’ म्हणत, हे गांधींनीच आत्मकथेत लिहिले आहे.

तिथलीच दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटते. मुसलमान व्यापारी स्वतःला ‘अरब’ म्हणवीत, पारशी कारकून ‘पर्शियन’. शिवी चुकवायची तर हिंदीपण टाकायचे! यावर हसू नये. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव बदललेले आपले लोक मी पाहिले आहेत. पण शब्द चुकवायलाही पदरी काहीतरी लागते: दुकान, लेखणी, इंग्रजी. मळ्यावरच्या माणसापाशी यातले काही नव्हते.

१८९४ साली नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन झाली. वर्गणी दरमहा किमान पाच शिलिंग, म्हणजे वर्षाला तीन पौंड. गिरमिटिये बाहेरच राहिले, हेही गांधी मान्य करतात. पुढच्याच वर्षी वसाहतीने कायदा केला: करार संपल्यावर जो मायदेशी परतणार नाही आणि नवा करारही करणार नाही, त्याने वर्षाला कर भरावा. रक्कम तीच, तीन पौंड. काँग्रेसने या कराविरुद्ध चळवळ केली, हे नोंदवलेच पाहिजे. पण १९१३ साली हजारो मजूर कोळशाच्या खाणी आणि मळे सोडून संपावर गेले, गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे १९१४ मध्ये तो कर रद्द झाला.