सातमाळ्याचा कडा आणि पाण्याशी चाललेला वाटेचा झगडा

३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री कन्नडच्या घाटावर पाऊस अक्षरशः कोसळला. पहाटेपर्यंत जागोजागी दरडी खाली आल्या, रस्ता चिखलाने आणि धोंड्यांनी भरला, वाहने अडकून पडली. छत्रपती संभाजीनगरहून चाळीसगाव, धुळ्याकडे जाणारा महामार्ग बंद झाला. खाली तितूर आणि डोंगरी या नद्यांनी चाळीसगाव बुडवले.

बातमी म्हणून ही घटना तेवढ्यावर संपली. इतिहास म्हणून ती बरीच जुनी आहे. मराठवाड्याचे पठार जिथे एकाएकी तुटते आणि खाली खानदेश पसरतो, त्या सातमाळ्याच्या कड्यावरून उतरायचे कुठून, हा प्रश्न किमान दोन हजार वर्षांचा आहे.

त्याचे पहिले ठळक उत्तर म्हणजे पितळखोरा. आजच्या घाटापासून फार दूर नसलेल्या एका आडबाजूच्या दरीत इसवी सनापूर्वीपासून ही बौद्ध लेणी खोदली गेली. इतक्या एकांतात एवढा खर्च कोणी केला? लेण्यांतले ब्राह्मी लेखच ते सांगतात. प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, मितदेव नावाचा गंधी, अर्थात सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. मगिल नावाचा राजवैद्य. इथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती घडवणाऱ्या कण्हदास या सोनाराचे नाव कोरले आहे. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पैठणचा व्यापारी आपल्या शहरापासून इतक्या दूरच्या कड्यावर दान देतो, तेव्हा त्याचा माल या बाजूने जात असणार, हा तर्क अभ्यासकांनी केला आहे आणि तो पटण्याजोगा आहे. पैठणहून उत्तरेस उज्जैनकडे जाणाऱ्या तांड्यांना हा कडा कुठेतरी उतरावाच लागे.

पितळखोऱ्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चौथ्या लेण्याच्या पायऱ्यांजवळ पाच फण्यांचा दगडी नाग आहे. वरचे पाणी खडकात कोरलेल्या मार्गाने आणून त्याच्या फण्यांतून बाहेर सोडण्याची योजना होती. शिल्प म्हणून ते सुंदर आहेच. पण कारागिरांनी या डोंगराचा स्वभाव ओळखला होता, याचाही तो पुरावा आहे. इथला काळा बेसाल्ट थराथरांचा असतो. दोन कठीण थरांच्या मधे अनेकदा लालसर मातकट पट्टा असतो. पाणी भेगांतून झिरपत या पट्ट्यापाशी अडते, पट्टा भिजून मऊ होतो आणि वरचा खडक निसटतो. पाण्याला वाट काढून दिली नाही, तर ते माणसाची वाट घेऊन जाते. एवढी काळजी घेऊनही पितळखोऱ्याच्या दर्शनी भागाचा बराच कडा शतकांच्या ओघात ढासळलाच.

कड्याच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथला शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, म्हणून हा लेख प्रसिद्ध आहे. वाटेच्या अभ्यासकाने मात्र त्याचा मराठीत लिहिलेला शेवटचा भाग वाचावा. मठाच्या खर्चासाठी विक्रीवर कर, गिऱ्हाइकाकडून पोफळे, घाण्याकडून तेल अशा बाबी तिथे नेमून दिल्या आहेत. आज जंगलाने वेढलेल्या या जागी यादवकाळात भरता बाजार होता. बाजार होता म्हणजे वर्दळ होती. पुढे ती वर्दळ सरकली. पाटणदेवीहून पितळखोऱ्याकडे चढणारी पायवाट आज गुराखी, भाविक आणि गिर्यारोहक यांच्यापुरतीच उरली आहे.

१८१८ नंतर इंग्रज खानदेशात आले, तेव्हा सातमाळ्याच्या वाटा भिल्ल नाईकांच्या हाती होत्या. घाटातून सुखरूप जाऊ देणे हा त्यांचा परंपरागत अधिकार होता. नव्या सत्तेने त्याला लूट म्हटले. फौजा पाठवून, नाईकांना पकडून पाहिले, तरी डोंगर शांत होईना. १८२५ मध्ये धोरण बदलले. कन्नडला भिल्ल एजन्सी आली आणि जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली. काल ज्यांची वाट होती, ते आज सरकारी गणवेशात तिचे पहारेकरी झाले. घाटाला नाव मात्र औट्रमचे चिकटले. वाट कोणाची, हे नकाशा काढणाराच ठरवतो, त्याचे असे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही.

बैलांच्या तांड्याला अरुंद, तिरकी पायवाट पुरे. गाड्यांना वळणावळणाचा चढ लागतो आणि त्यासाठी डोंगराचा पाय कापावा लागतो. अवजड मालमोटारींनी त्या कापलेल्या कडेवर असा भार आणला, की २०२१ नंतर केलेली डागडुजीही पुरी पडली नाही. अखेर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३ पासून औट्रम घाट जड वाहनांना बंद झाला. रस्ता रुंद करायचा, तर १९८६ मध्ये घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य दोन्ही अंगांना उभे आहे. बोगद्याची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. तोवर मालमोटारी शिऊर बंगल्यावरून नांदगावकडे वळसा घालतात, जिथे सातमाळा बुटका होत जातो.