टर्मिनल मल्टिप्लेक्सर आणि एआय कोडिंग एजंट

टर्मिनल मल्टिप्लेक्सर : एकाच टर्मिनलमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरी आज्ञा देण्याच्या पडद्यात, अनेक स्वतंत्र कामे चालू ठेवण्याची, त्यांमध्ये ये-जा करण्याची आणि टर्मिनल बंद झाले तरी ती खंडित होऊ न देण्याची सोय करणारे सॉफ्टवेअर. युनिक्स परंपरेतील संगणकांवर, विशेषतः दूरच्या सर्व्हरच्या देखभालीसाठी, ते अनेक दशके वापरात आहे. एकाच प्रोग्रॅमरने अनेक एआय कोडिंग एजंट, म्हणजे सांगितलेले प्रोग्रॅमिंगचे काम स्वतः पार पाडणारी एआय साधने, समांतर चालवण्याची पद्धत रूढ होऊ लागल्यावर त्याला नवे उपयोजन लाभले.

या प्रकारातील ‘स्क्रीन’ हे सॉफ्टवेअर ऑलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोरमान यांनी रचले. ते १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ग्नू प्रकल्पाचा भाग बनले. निकोलस मॅरियट यांचे ‘टीमक्स’ २००७ मध्ये आले व २००९ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीच्या मूळ संचात समाविष्ट झाले. रस्ट भाषेत लिहिलेले ‘झेलीज’ हा अलीकडचा पर्याय आहे. पुढील विवेचन टीमक्सला अनुसरून आहे.

रचना व कार्य : टर्मिनलची खिडकी बंद होताच संगणकप्रणाली तीत चालणाऱ्या प्रोग्रॅमला ‘हँगअप’ हा संकेत पाठवते आणि तो प्रोग्रॅम साधारणतः थांबतो. टीमक्समध्ये हे टळते, कारण त्याचे सर्व्हर व क्लायंट असे दोन भाग असतात : सर्व्हर पार्श्वभूमीत राहून प्रत्येक कामाला एक आभासी टर्मिनल पुरवतो, तर क्लायंट त्याचे चित्र वापरकर्त्याच्या पडद्यावर दाखवतो, त्यामुळे क्लायंट बंद पडला तरी सर्व्हरकडील काम चालूच राहते. या व्यवस्थेत सेशन, विंडो व पेन असे तीन स्तर असून, सेशन म्हणजे एका कामाचा पूर्ण संच, विंडो म्हणजे त्यातील एक पूर्ण पडदा आणि पेन म्हणजे त्या पडद्याचा उभा किंवा आडवा विभाग होय. टीमक्सला उद्देशून दिलेल्या आज्ञेपूर्वी कंट्रोल व बी या कळा एकत्र दाबतात. त्यानंतर डी दाबल्यास वापरकर्ता सेशनपासून अलग होतो आणि नंतर, दुसऱ्या संगणकावरून एसएसएच या सुरक्षित दूरस्थ जोडणीने आला तरी, त्याच सेशनला पुन्हा जोडला जाऊ शकतो.

एजंटांसाठी मांडणी : क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय आणि जेमिनी सीएलआय हे २०२५ मध्ये आलेले एजंट टर्मिनलमध्येच चालतात, फाइली वाचतात व बदलतात, चाचण्या चालवतात आणि मधूनमधून परवानगीसाठी थांबतात. काम लांबणारे व प्रतीक्षा अनिश्चित असल्यामुळे टीमक्सचे टिकाऊ सेशन त्यांना सोयीचे पडते. मात्र दोन एजंटांनी एकाच फोल्डरमध्ये काम केल्यास एकाचे बदल दुसऱ्याकडून पुसले जाण्याचा धोका असतो आणि हा प्रश्न मल्टिप्लेक्सर सोडवत नाही. त्यासाठी गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतील, २०१५ मध्ये समाविष्ट झालेली ‘वर्कट्री’ ही सुविधा वापरतात. तिच्यामुळे एकाच रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडसंग्रहाच्या, वेगवेगळ्या ब्रँच (बदलांच्या समांतर शाखा) स्वतंत्र फोल्डरांमध्ये एकाच वेळी उघडता येतात आणि एकच ब्रँच दोन ठिकाणी उघडण्यास गिट सहसा नकार देते. म्हणून प्रत्येक एजंटाला एक ब्रँच, एक वर्कट्री व कामाचे नाव दिलेली एक विंडो, अशी मांडणी सोयीची ठरते. विंडोच्या एका पेनमध्ये एजंट आणि दुसऱ्यात चाचण्या किंवा बदलांची पाहणी चालते. गिटच्या नोंदीबाहेरील फाइली, उदाहरणार्थ गुप्त किल्ल्यांची फाइल किंवा स्थापित केलेली पॅकेजे, नव्या वर्कट्रीत आपोआप येत नाहीत, तर दोन वर्कट्रींमधील चाचणी-सर्व्हर एकच पोर्ट मागू लागल्यास दुसरा सुरू होत नाही. या दोन्हींची तजवीज आधी करावी लागते.

टीमक्सच्या संरचना-फाइलमध्ये सामान्यतः माउसचा वापर चालू करतात आणि मागील मजकूर जपण्याची मर्यादा, जी मुळात २,००० ओळींची असते, वाढवतात, कारण एजंटांचे निवेदन लांबलचक असते. एखाद्या विंडोत घंटेचा संकेत आला किंवा ठरावीक सेकंद काहीच हालचाल झाली नाही, तर खालच्या स्थितिपट्टीवर तशी खूण दाखवण्याची सोय असून, कोणता एजंट उत्तरासाठी खोळंबला आहे हे तिच्यावरून ताडता येते. ‘सेंड-कीज’ ही आज्ञा एखाद्या पेनमध्ये मजकूर टंकित झाल्याप्रमाणे पाठवते आणि ‘कॅप्चर-पेन’ तेथील मजकूर वाचून देते. या दोहोंच्या आधारे एक स्क्रिप्ट, किंवा एक प्रमुख एजंटही, इतर एजंटांना काम वाटून त्यांची प्रगती तपासू शकतो.

मर्यादा : संगणक पुन्हा सुरू केल्यास टीमक्सचा सर्व्हर व त्यातील सर्व कामे संपतात. काही प्लगिन (जोड-प्रोग्रॅम) विंडो व पेनची मांडणी परत उभी करतात, पण चालू असलेली प्रक्रिया जशीच्या तशी पुढे नेत नाहीत. पेन हे सुरक्षेचे कुंपणही नाही, कारण एकाच वापरकर्त्याच्या नावाने चालणारे एजंट एकमेकांच्या फाइलींपर्यंत, तसेच सेंड-कीजद्वारे एकमेकांच्या पेनपर्यंत, पोहोचू शकतात. म्हणून परवानगी न विचारता काम करण्याची मुभा दिलेला एजंट कंटेनरमध्ये, म्हणजे उर्वरित प्रणालीपासून अलग ठेवलेल्या वातावरणात, किंवा स्वतंत्र आभासी संगणकात चालवणे इष्ट मानले जाते. एजंटांच्या संख्येला व्यवहारात मर्यादा पडते ती एआय सेवेच्या वापरमर्यादेमुळे, संगणकाच्या मेमरीमुळे आणि मुख्यत्वे, प्रत्येक ब्रँचमधील बदल वाचून ते मूळ ब्रँचमध्ये विलीन करणाऱ्या माणसाच्या तपासणीच्या वेगामुळे.