जन्म इथला, पासपोर्ट तिथला

फाळणीवर आपण पुष्कळ वाचले आहे. दंगली, निर्वासितांच्या छावण्या, माणसांनी खचाखच भरलेल्या गाड्या यांचे वर्णन अनेक भाषांत झाले. पण ज्यांच्यावर कोणी तलवार उपसली नाही, ज्यांना केवळ एका कागदाने परके केले, त्यांचा इतिहास आम्हाला क्वचितच वाचायला मिळतो. कोकणातल्या मुसलमान घरांत तो अजून जिवंत आहे. म्हणून त्याची नोंद व्हायला हवी.

मुळात कराची हा कोकण्यांना परदेश नव्हताच. १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. रत्नागिरी किंवा कुलाबा जिल्ह्यातला खलाशी मुंबईला उतरला काय आणि कराचीला उतरला काय, इलाखा एकच. १९४७ साली कराचीत असलेले सगळेच कोकणी हिजरत करून गेलेले नव्हते. काही जण नोकरीधंद्यासाठी आधीपासूनच तिथे होते. घर गावाकडे, पगार कराचीत. मधून सरहद्द जाईल, हे त्यांच्या हिशेबात नव्हते.

जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिटाची सक्ती केली. तात्पुरत्या भेटीचे परमिट वेगळे, कायमच्या परतीचे वेगळे. पुढे राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदाने ठरवले, की १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक नव्हे. मात्र कायमच्या परतीच्या परमिटावर आलेल्याला सूट राहील. हातात कोणत्या नमुन्याचा कागद पडला, यावर माणसाचे वतन ठरू लागले. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट गेले आणि दोन्ही देशांत पासपोर्ट-व्हिसा आला.

मग प्रश्न न्यायालयांत गेले. परमिटाचा नियम मोडल्याच्या नुसत्या संशयावरून नागरिकालाही देशाबाहेर काढता येईल, असे एक कलम १९४९ च्या कायद्यात होते. इब्राहिम वझीर मावत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ते घटनाबाह्य ठरवले. फिदा हुसैन यांचा खटला तर अधिकच बोलका आहे. जन्म फाळणीपूर्व हिंदुस्थानातला. १९५३ साली ते पाकिस्तानी पासपोर्टावर आले आणि व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिले. १९५७ पर्यंत विदेशी व्यक्तींविषयीच्या कायद्यातील व्याख्येत जन्माने ब्रिटिश प्रजाजन असलेला माणूस ‘विदेशी’ ठरत नव्हता. म्हणून १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १९५७ च्या दुरुस्तीने ती वाट पुढच्यांसाठी बंद झालीच होती. परदेशी पासपोर्ट घेणे हाच परके नागरिकत्व पत्करल्याचा निर्णायक पुरावा, हा १९५६ चा नियमही १९६२ साली न्यायालयात टिकला. जन्माचा दाखला तिथे हरला.

आता अशा माणसाचे आपल्याच गावी येणे कसे असे? व्हिसा देशाचा नव्हे, नेमून दिलेल्या ठिकाणांचा. इथल्या नातलगाने सही-शिक्क्यानिशी हमी द्यायची. गावी पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघताना पुन्हा नोंद. जिथे आईवडिलांची कबर, तिथे फातिहा पढण्याआधी चौकीवर हजेरी! इथले कोणतेही ओळखपत्र जवळ नाही; ओळख सांगायची ती भावाच्या रेशनकार्डावर. कराचीत जन्मून उल्हासनगरला आलेल्या सिंधी हिंदूची कहाणीही उलट दिशेने हीच आहे, हे आम्ही विसरू नये.

वाटाही एकेक करून आटल्या. १९६५ च्या युद्धाने मुनाबाव-खोखरापारची रेल्वे थांबली. ती फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली. १९९४ साली कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास बंद झाला आणि व्हिसासाठी इस्लामाबादकडे पाहणे आले. २०१२ च्या करारात पासष्टीपुढच्यांना पोलीस नोंदणीतून सूट मिळाली. फाळणीपूर्वी जन्मलेला प्रत्येक जण तोवर पासष्टीला आलेलाच होता. जन्मभूमीचे नाव न घेता कायद्याने तेवढी माणुसकी दाखवली, असे आम्हाला वाटते. पहलगामच्या हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने बहुतेक पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले आणि अटारीची वाटही बंद केली.

केपटाऊनला वा लंडनला गेलेल्या कोकणी कुटुंबातला माणूस ‘ओव्हरसीज सिटिझन’चे कार्ड घेऊन येऊ शकतो. पण त्याचाच चुलतभाऊ कराचीमार्गे लंडनला गेला असेल, तर ब्रिटिश पासपोर्ट असूनही त्याला ते कार्ड नाही. आजा-पणजा पाकिस्तानचा नागरिक असला, तरीही कायदा ते नाकारतो.

राष्ट्राला सरहद्द राखावी लागते आणि घातपाती कोणत्याही वेषात येतो, हे आम्हाला मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जन्म ही घडलेली गोष्ट आहे; कायद्याने तिचा हक्क काढून घेता येतो, ती पुसता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि जमातीच्या निकाहच्या दफ्तरात ती नावे अजून असतील. फाळणीपूर्वी जन्मलेला सर्वांत तरुण माणूसही आज पंच्याहत्तरी ओलांडून गेला आहे. वाळवी लागण्याआधी ती दफ्तरे उघडून नावे उतरवून घेणे आणि जे हयात आहेत त्यांना विचारून घेणे, हे काम दुसरे कोणी करणार नाही. ते आपलेच आहे.