प्रकाशवर्ष म्हणजे वर्ष नव्हे, अंतर! चंद्र-ताऱ्यांचं अंतर मोजतात तरी कसं?

शाहूवाडी : मलकापूरहून कोल्हापूर किती लांब, असं विचारलं की 'एसटीनं दीड तास' असं उत्तर मिळतं. किलोमीटर क्वचितच कुणी सांगतं. आकाशातली अंतरंही अशीच वेळेत सांगतात. फक्त तिथं एसटीच्या जागी प्रकाश असतो.

प्रकाशाचा वेग किती?
प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. एसटी घाटात रखडते, पण मोकळ्या अवकाशात प्रकाशाचा वेग बदलत नाही. म्हणून मापाला तो पक्का. १९८३ पासून मीटरची व्याख्याही याच वेगावरून केली जाते. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साधारण ८ मिनिटं २० सेकंद लागतात. वर्षभरात प्रकाश सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो. या अंतराला एक प्रकाशवर्ष म्हणतात.

चंद्राचं अंतर
आंबा घाटात कड्यासमोर हाक मारली आणि दोन सेकंदांनी ती परत ऐकू आली, तर कडा सुमारे ३४० मीटरवर आहे. आवाज एक सेकंद जायला आणि एक सेकंद यायला. चंद्राचं अंतर असंच काढतात, हाकेऐवजी लेसर किरण सोडून. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर प्रकाश परतवणारा आरसा ठेवला. किरण जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात. त्यावरून अंतर निघतं सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर. चंद्र दरवर्षी जवळपास ३.८ सेंटिमीटर लांब जातोय, हेही यातूनच कळलं. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही नासानं दिलेला असा छोटा आरसा आहे.

शेताच्या बांधाशी संबंध
जमीन मोजणीला येणारं रोव्हर यंत्र याच हिशोबावर चालतं. उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्याच वेगानं येतो आणि त्याला लागलेल्या वेळेवरून यंत्र जागा ठरवतं. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं! म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात.

ताऱ्यांचं काय?
ताऱ्यावरून किरण परत येत नाही. तिथं दुसरी युक्ती. बांधाच्या दोन टोकांवरून एकच झाड पाहिलं, तर मागच्या डोंगराच्या तुलनेत ते सरकलेलं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ३० कोटी किलोमीटर पलीकडे जाते. तेवढ्यात तारा किती सरकला, यावरून अंतर निघतं. व्याध तारा असा ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश तिसरीतल्या पोराच्या जन्माच्या सुमारास निघालेला.

खोडदची दुर्बीण
फार लांबच्या दीर्घिकांना हीही युक्ती पुरत नाही. विश्व पसरत असल्यानं तिथून येणाऱ्या लहरी वाटेत ताणल्या जातात. हा ताण मोजून अंतर काढतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडद इथं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिनं टिपलेली हायड्रोजनची एक लहर निघताना २१ सेंटिमीटर होती, पोहोचताना ४८ झाली. ती ८८० कोटी वर्षं प्रवास करून आली होती, असं २०२३ मध्ये जाहीर झालं. ती निघाली तेव्हा आपली पृथ्वी तयारही झाली नव्हती.