दक्षिण अटलांटिकची ध्रुवीय सागरसफर

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून निघून अंटार्क्टिक द्वीपकल्प, दक्षिण जॉर्जिया, ट्रिस्टन दा कुन्हा, सेंट हेलेना व असेन्शन असा विषुववृत्ताकडे वर येणारा जहाजप्रवास. उशुआयाहून सुटणारी बहुतेक प्रवासी जहाजे द्वीपकल्प पाहून दहा-बारा दिवसांत माघारी फिरतात. पूर्ण मार्गाला महिन्याभराहून अधिक वेळ लागतो. दक्षिणेकडचा उन्हाळा सरला की मार्च-एप्रिलमध्ये ही जहाजे उत्तर गोलार्धात न्यावी लागतात, आणि तेव्हाच मोजकी जहाजे हा लांबचा मार्ग धरतात.

या प्रकारच्या प्रवासाचा पाया लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकन पर्यटन व्यावसायिकाने घातला. १९६६ मध्ये त्याने अर्जेंटिनाच्या नौदलाचे जहाज भाड्याने घेऊन सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकावर नेले. पुढे १९६९ मध्ये खास याच कामासाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे छोटे, बर्फात टिकणारे जहाज फिनलंडमध्ये बांधून घेतले. पक्षी, खडक, सागर व इतिहास यांचे जाणकार सोबत घ्यायचे, त्यांची व्याख्याने ठेवायची आणि रबरी होड्यांतून लहान गटाने किनाऱ्यावर उतरायचे, ही त्याची रीत आजही तशीच चालू आहे. पुढे ‘एक्सप्लोरर’ एवढेच नाव उरलेले हे जहाज २३ नोव्हेंबर २००७ रोजी दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाले. लाईफबोटींत काही तास काढलेल्या सर्व १५४ जणांना ‘नोर्डनोर्गे’ या नॉर्वेच्या जहाजाने वाचवले. त्या दिवशी समुद्र बराच शांत होता, हे त्यांचे भाग्य. मदतीला येण्याजोगे दुसरे जहाज जवळपास असेलच असे या पाण्यात कधीही गृहीत धरता येत नाही.

प्रवासाची सुरुवातच कठीण असते. केप हॉर्न आणि दक्षिण शेटलंड बेटे यांमधला ड्रेक मार्ग सुमारे ८०० किमी. रुंद आहे. या अक्षांशावर पृथ्वीभोवती कुठेही जमीन आडवी येत नसल्याने वारा व लाटा अडत नाहीत. वाटेत अंटार्क्टिक अभिसरण रेषा लागते. तेथे दक्षिणेकडचे थंड पाणी उत्तरेकडच्या उबदार पाण्याखाली जाते, हवा गारठते, पुष्कळदा धुके धरते आणि पक्ष्यांची संख्या एकदम वाढते. कार्यक्रमपत्रिका छापलेली असली तरी ती बदलण्याचा अधिकार कप्तान व मोहीमप्रमुख यांचा. बर्फाने वाट अडवली किंवा वाऱ्याने दिशा बदलली की उतरण्याची जागा तासाभरात बदलते.

किनाऱ्यावर उतरण्याचे नियम काटेकोर आहेत. ते १९९१ मध्ये सात कंपन्यांनी स्थापन केलेल्या अंटार्क्टिक सहल-चालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आणि अंटार्क्टिक करारातील राष्ट्रांनी घालून दिले आहेत. एका जागी एका वेळी १०० पेक्षा जास्त प्रवासी उतरवता येत नाहीत. ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही उतरता येत नाही. पेंग्विनपासून किमान ५ मी. अंतर ठेवायचे, तो स्वतः चालत आला तर माणसाने वाट सोडायची. उतरण्यापूर्वीची तपासणी पाहण्यासारखी असते. प्रवासी आपले जाकीट, पाठपिशवी, कॅमेऱ्याचे पाकीट घेऊन रांगेत बसतात. खिशांच्या शिवणी उलटून पाहिल्या जातात, चिकटपट्ट्यांत अडकलेली कुसळे आणि बिया चिमट्याने एकेक काढल्या जातात, बुटांच्या तळव्यांतली माती टोकदार काडीने कोरून निघते आणि शेवटी बूट जंतुनाशकात बुडवले जातात. गवताचे एक बी ज्या बेटावर शंभर वर्षांचे नुकसान करू शकते, तेथे ही खबरदारी मुळीच जास्त नाही.

दक्षिण जॉर्जिया हा या मार्गाचा सर्वांत समृद्ध टप्पा आहे. सेंट अँड्र्यूज उपसागराच्या किनाऱ्यावर राजा पेंग्विनांच्या सुमारे दीड लाख जोड्यांची वसाहत आहे. तपकिरी पिसांची पिल्ले, हत्ती-सील आणि फर-सील त्याच पट्ट्यात दाटीने वावरतात. याच बेटावर माणसाने केलेला संहारही उघड दिसतो. कार्ल आंतोन लार्सेनने १९०४ मध्ये ग्रीटव्हिकेन येथे देवमाशांची चरबी उकळण्याचा कारखाना उभारला. तो १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. गंजलेल्या टाक्या, साखळ्या व किनाऱ्याला लागलेली शिकारी जहाजे अजून तेथेच आहेत. जवळच्या दफनभूमीत ध्रुवीय संशोधक अर्नेस्ट शॅकल्टन पुरला आहे. १९१६ मध्ये मदत आणण्यासाठी त्याने एलिफंट बेटावर २२ साथीदार ठेवून पाच जणांसह ‘जेम्स केअर्ड’ या उघड्या होडीतून सुमारे ८०० सागरी मैल पार करून हे बेट गाठले. मागे राहिलेल्यांना ३० ऑगस्ट १९१६ रोजी लुईस पार्दो याच्या चिली नौदलाच्या ‘येल्चो’ने सुखरूप आणले. त्या चार महिन्यांत साथीदारांना सांभाळणाऱ्या फ्रँक वाइल्डच्या अस्थी २०११ मध्ये शॅकल्टनशेजारी ठेवण्यात आल्या. उशिरा झाले, पण योग्य झाले.

जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी या बेटावर जमिनीत घरटी करणारे पक्षी फस्त केले होते. हिमनद्यांनी बेटाचे वेगवेगळे भाग पाडले होते, म्हणून काही भाग उंदरांपासून वाचले. पण हिमनद्या मागे हटू लागल्या आणि ते भाग एकमेकांना जोडले जाण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा दक्षिण जॉर्जिया वारसा न्यासाने २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकण्याची मोहीम तीन टप्प्यांत राबवली. २०१८ मध्ये प्रशिक्षित कुत्र्यांकडून तपासणी करून बेट उंदीरमुक्त जाहीर झाले. इथेच सापडणारा पिपिट हा गाणारा पक्षी पुन्हा सर्वत्र दिसू लागला.

येथून ईशान्येस ट्रिस्टन दा कुन्हा हे जगातले सर्वांत दुर्गम वस्ती असलेले बेट समजले जाते. तेथे अडीचशेच्या आत-बाहेर माणसे राहतात, विमानतळ नाही आणि सर्वांत जवळची वस्ती सेंट हेलेना सुमारे २,४०० किमी. दूर. नेपोलियनला सेंट हेलेनाहून सोडवण्यासाठी या बेटाचा उपयोग होऊ नये म्हणून १८१६ मध्ये ब्रिटिशांनी येथे तुकडी ठेवली. ती परत गेली तेव्हा कॉर्पोरल विल्यम ग्लास कुटुंबासह मागे राहिला आणि आजची वस्ती सुरू झाली. जमीन समाईक असते. बटाट्याची शेती, खडकांतले लॉबस्टर आणि टपाल तिकिटे यांवर संसार चालतो. १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाल्यावर सर्वांना इंग्लंडला हलवले. १९६३ मध्ये बहुतेकजण स्वखुशीने परतले. मार्च २०११ मध्ये ‘ओलिवा’ हे सोयाबीनवाहू जहाज नाइटिंगेल बेटावर आदळले आणि हजारो पेंग्विन तेलाने माखले. त्यांना धुऊन काढण्यासाठी गावकऱ्यांनी पोहण्याचा तलावही मोकळा केला. लहान बंदरात उतरणे लाटांवर अवलंबून असल्याने इतका लांबचा प्रवास करून आलेले प्रवासीही कधी कधी बेट लांबूनच पाहून पुढे जातात. इतक्या लहान समाजात किती पाहुणे यावेत हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाकडेच असायला हवा.

सेंट हेलेनावर नेपोलियनचा ५ मे १८२१ रोजी मृत्यू झाला. २०१७ पासून तेथे नियमित विमानसेवा आहे. असेन्शनच्या वाळूवर ब्राझीलच्या किनाऱ्याकडून हिरवी समुद्री कासवे अंडी घालण्यास येतात.

२०२३-२४ च्या हंगामात सुमारे १.२ लाख पर्यटक अंटार्क्टिकाकडे गेले. यातले बरेचजण जहाजातूनच पाहून परतले. एकूण संख्येवर करारात बंधन नाही आणि निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने ते लवकर येईल असे दिसत नाही. जड इंधनतेल मात्र २०११ पासून ६०° दक्षिणेपलीकडे बंद आहे. २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियावर आणि पाठोपाठ अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लू पोहोचल्यानंतर प्रवाशांना जमिनीवर बसण्यास, गुडघे टेकण्यास आणि सामान खाली ठेवण्यास मनाई झाली.

भारताचा अंटार्क्टिकाशी संबंध पर्यटनाआधी संशोधनाचा. पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही गोव्यातच, वास्कोजवळ आहे. मैत्री व भारती ही भारतीय केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात असल्याने या सफरीच्या मार्गापासून दूर पडतात. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने भारतातून जाणाऱ्या मोहिमांना, पर्यटनासाठी जाणाऱ्यांनाही, परवाना आवश्यक केला आहे.