इस्लामनगरचा चमन महाल आणि आपली अकरा वर्षे

भोपाळच्या इतिहासाचा विषय निघाला की आपल्या घरांतून प्रथम बाजीराव आठवतो. डिसेंबर 1737 मध्ये त्याने निजामाला याच शहरात कोंडले आणि जानेवारी 1738 मध्ये दोराह्याच्या तहात नर्मदा ते चंबळ हा सारा मुलूख मान्य करून घेतला. ही गोष्ट आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मात्र शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर, बैरसिया रस्त्याकडे असलेल्या एका बागेतल्या महालाची गोष्ट आपण सांगत नाही. तीही आपलीच आहे.

दोस्त मोहम्मद खानाने जगदीशपूर घेतले, त्याचे नाव इस्लामनगर ठेवले आणि तटाच्या आत चमन महाल उभारला. नावाप्रमाणे येथे मान बागेचा आहे. पाटांनी चौघडीसारखी विभागलेली चारबाग, मधून कारंजी, कडेला हमामखाना. आणि महाल म्हणजे जणू बागेकडे तोंड करून बसायची पडवी. तांबड्या दगडाच्या खांबांवरच्या कमानी बंगाली झोपडीच्या छपरासारख्या वाकलेल्या. मोगली आखणी, माळव्याचा हात. लढवय्या माणसाने इतकी निवांत जागा बांधावी, याचे मला दर वेळी नवल वाटते.

निवांतपणा टिकला नाही. 1723 मध्ये निजाम चालून आला आणि दोस्त मोहम्मदाला आपला मुलगा यार मोहम्मद ओलीस द्यावा लागला. पुढे राजधानी भोपाळास गेली आणि इस्लामनगर गावाबाहेरची वास्तू होऊन राहिले.

1806 मध्ये ते दौलतराव शिंद्यांच्या ताब्यात आले आणि 1817 पर्यंत राहिले. भोपाळवर नजर ठेवण्यास याहून सोयीचे ठाणे कोणते? 1812-13 मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी भोपाळला वेढा घातला. वजीर मोहम्मद खानाने कित्येक महिने शहर लढवले आणि वेढा उठला. भोपाळकरांच्या आठवणीत शौर्य आहे ते आत अडकलेल्यांचे. तटाबाहेर उभे होतो ते आपण. पिढ्यान्‌पिढ्या या शहराचे अन्न खाल्लेल्या आपल्या घरांतून 1737 चा वेढा सांगितला जातो, 1812 चा नाही.

2023 मध्ये शासनाने गावाला जगदीशपूर हे जुने नाव परत दिले. मी मात्र येथे इस्लामनगरच म्हटले आहे. शिंद्यांची माणसे त्या बागेत वावरत होती तेव्हा गावाचे नाव तेच होते.