‘पेशवाई’ खुर्चीचे वय

काळ्या शिसवीची, पाठीवर वेलबुट्टी कोरलेली, सिंहपंजाच्या पायांची खुर्ची जुन्या फर्निचरच्या बाजारात बरेचदा ‘पेशवाई’ म्हणून विकली जाते. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊसमध्ये ‘वाड्याचा दिवाणखाना’ सजवताना तिला मानाची जागा मिळते. खालापूर तालुक्याला जुना काळ उभा करण्याची सवय आहे. चौकजवळ हातनोलीला नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली एन. डी. स्टुडिओ सुरू केला, आणि तिथे चित्रपटांसाठी महाल नि दिवाणखाने बांधले गेले. चित्रपटाला तेवढी मोकळीक असावी. पण खुर्ची खरी म्हणून विकली जात असेल, तर तिच्याकडे पुरावा मागायला हवा.

पहिला साक्षीदार एक चित्र आहे. १ जून १७९० रोजी पुण्यात मराठे आणि इंग्रज यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. रेसिडेंट चार्ल्स वॉर मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारात तो तह पार पाडतो आहे, असे मोठे तैलचित्र थॉमस डॅनियलने रंगवले. ते १८०५ साली लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले. शनिवारवाड्यातला गणपतीचा महाल, मागे गणेशाची भव्य मूर्ती, आणि पेशवे, मुत्सद्दी, पाहुणे असे सगळे जमिनीवरच्या बैठकीत. मॅलेटसुद्धा खालीच बसलेला. खुर्ची कुठेच नाही.

मात्र हा साक्षीदार तपासून घेतला पाहिजे. डॅनियलने चित्र रंगवले ते चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, आणि वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली, म्हणजे तह झाल्यानंतर. त्यामुळे त्या दिवशी कोण कुठे बसले होते, यासाठी हे चित्र प्रमाण मानता येत नाही. वेल्सने पुढे पुण्यात राहून सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची चित्रे काढली. दरबार त्याच्या ओळखीचा होता. म्हणून प्रसंग जुळवलेला असला तरी बैठकीची रीत पाहून काढलेली आहे, असा माझा तर्क आहे. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्यामुळे चित्र पुरे करताना त्याला विचारून खात्री करून घेण्याची सोय डॅनियलला उरली नव्हती.

चित्राशी ताडून पाहावीत अशी दोन्ही घरे जळाली. पुण्याच्या संगमावरची इंग्रजांची रेसिडेन्सी खडकीच्या लढाईच्या दिवशी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पेटवली गेली. तेव्हाचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याचा ग्रंथसंग्रह तिथेच गेला. पुण्यात इंग्रजी खुर्च्या असल्याच तर त्या प्रथम याच घरात असणार, पण हे अनुमान. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत खाक झाला. गालिचे, लोड, तक्के, हंड्या, झुंबरे यांनी सजलेला मूळ दिवाणखाना त्यानंतर कोणालाच पाहता आला नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल कोथरूडच्या अवशेषांतून पुन्हा उभारला आहे. दिनकर केळकरांचे ते काम मोलाचे आहेच, पण तीसुद्धा पुनर्रचना आहे, हे पाहताना ध्यानात ठेवावे.

आता असे फर्निचर पुण्याला कोणत्या रस्त्याने पोचले असेल, ते पाहू. मुंबईचा माल पनवेल, चौक, खालापूर, खोपोली या मार्गाने बोरघाट चढे. खोपोलीला नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देऊळ हा वाटसरूंचा मोठा आधार होता. १८२५ साली बिशप हेबर या घाटाने गेला. रस्ता रुंद आणि चांगला, पण चढ इतका की लोक चालत किंवा घोड्यावरून जात आणि माल बैलांच्या व घोड्यांच्या पाठीवरून नेला जाई, असे त्याच्या वर्णनावरून दिसते. गाड्यांसाठी नव्या घाटरस्त्याचे काम १९ जानेवारी १८३० रोजी सुरू झाले आणि १० नोव्हेंबरला तो खुला झाला. पेशवाई संपून तेव्हा बारा वर्षे झाली होती. बैलाच्या पाठीवर खुर्ची चढूच शकली नसती, असे नाही. पण शिसवीचे जड कोच, मेजे, कपाटे घाटावर सर्रास जाऊ लागली ती गाडीरस्त्यानंतर, आणि १८५६ साली खोपोलीपर्यंत व १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाल्यावर, असे मानणे सयुक्तिक आहे.

कोरीव शिसवी फर्निचर हा मुंबईचा धंदा. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते मांडले गेले होते. जॉर्ज बर्डवुडने भारतीय हस्तकलांवरच्या १८८० च्या आपल्या ग्रंथात त्या शैलीवर नापसंतीचा शेरा मारला. त्याची अभिरुची आपण मान्य करायलाच हवी असे नाही, पण या नोंदी एकोणिसाव्या शतकाकडेच बोट दाखवतात.

कागद संपले की खुर्ची उलटी करावी. टोकदार मळसूत्री स्क्रू यंत्रावर बनू लागले ते १८४० नंतरच्या काळात. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे असत. सांध्यात मूळचा टोकदार स्क्रू निघाला, तर पेशवाईचा दावा तिथेच संपतो. तो दुरुस्तीत घातलेला असू शकतो, म्हणून भोकाच्या कडा आणि शेजारचे सांधेही पाहावेत. करवतीच्या खुणा सरळ की गोलाकार, खिळा चौकोनी की तारेचा, वेत हाताने विणलेला की तयार जाळीचा, हेही बोलके असते.

एक दुवा मला फार मोलाचा वाटतो. मे १८५० मध्ये चौकला तळ देऊन असताना ज्याने माथेरान चढून पाहिले, तो ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा चार्ल्स मॅलेटचा मुलगा, आणि आईकडून जेम्स वेल्सचा नातू. बाप पुण्याच्या दरबारात जमिनीवरच्या बैठकीत. मुलाने शोधलेल्या डोंगरावर साहेबांचे बंगले उठले, आणि त्यांना खुर्च्यांशिवाय चालणार नव्हते. ज्या खुर्चीला आपण पेशवाई म्हणतो, तिचा खरा शेजार त्या बंगल्यांत आणि मुंबईच्या शेठजींच्या हवेल्यांत शोधावा.

शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो, आणि अशा पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. घरातली जुनी वस्तू विकायची असेल, तर वाटणीपत्र, खरेदीची पावती, लग्नातल्या देण्याघेण्याची यादी, मागे ती वस्तू दिसणारा एखादा कौटुंबिक फोटो, जे असेल त्याची प्रत तिच्यासोबत द्या आणि एक स्वतःकडे ठेवा. घेणाऱ्यांनीही नाव ऐकून पैसे देऊ नयेत. आधी कागद मागावा.